रिमोटच्या गाडीच्या मोटरीवर छोटा लेथ चालवताना

आयटीआय किंवा डिप्लोमा करणारी मुले अधूनमधून अंमळनेरला माझ्या पडवीत छोटा लेथ (काम फिरवत ठेवून टूलने कापणारे यंत्र) पाहायला येतात आणि सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो, की एवढीशी मोटर हा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, फिरवते कशी. त्यांच्यापैकी कुणाला प्रकल्प म्हणून असे काही करायचे असेल, तर माझ्या हातून झालेल्या चुका आधी वाचलेल्या बऱ्या, म्हणून हे लिहीत आहे.

लेथ मला भंगारात मिळाला होता. त्याचा बेड आणि चक शाबूत होते, मूळ मोटर मात्र जळालेली होती. भाच्याची रिमोटवर चालणारी, एकास दहा प्रमाणातली गाडी चासी मोडल्यामुळे माळ्यावर पडून होती. तिच्यातून ३६ मिलिमीटर व्यासाची ब्रशलेस मोटर, तिचा स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी, आणि दातेरी चक्रांची जोडी एवढे सामान निघाले. मोटरीवर ३३०० केव्ही असे छापले होते. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, हे तो आकडा सांगतो. १२ व्होल्टला ही मोटर जवळजवळ ३९,६०० फेरे मारणार, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता, आणि नेमकी तिथेच माझी फसगत झाली.

पहिल्या जोडणीत मी मोटरीवरून दातेरी पट्टा थेट स्पिंडलवर, म्हणजे चक बसतो त्या दांड्यावर, नेला आणि गती फक्त तिप्पट उतरवली (मोटरीचे तीन फेरे, स्पिंडलचा एक). रिकामा चक झकास फिरला, पण २० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या सळईला टूल टेकताच मोटर थरथरली, जागच्या जागी हिसके देऊ लागली आणि काही क्षणांत ईएससीने तापून काम सोडले. पुलीसाठी बुश करून देणारे धुळ्याच्या एमआयडीसीतले एक जुने टर्नर काका ते ऐकून एवढेच म्हणाले, "भाऊ, हाऊ घोडा शे, बैल नही." (लेथचा पट्टा जोडायला बुश हवे आणि बुश करायला लेथ हवा, ही गंमतही त्यांनी मला दोनदा ऐकवली.)

काकांच्या वाक्याचा हिशेब मी नंतर वहीत मांडला. ९.५५ ला केव्हीने भागले की मोटर एका अँपिअरला किती न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) देते ते निघते; माझ्या मोटरीचे उत्तर ०.००२९ आले. अर्धा मिलिमीटर खोल आणि दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर पुढे असा ॲल्युमिनियमवरचा काप घेतला, तर टूलवर अंदाजे ४० न्यूटन बल येते, म्हणजे १० मिलिमीटर त्रिज्येवर ०.४ न्यूटन-मीटर. तिप्पट उतरणीत त्यासाठी मोटरीने ४५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला असता, आणि तोही जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत. सेन्सर नसलेल्या मोटरीत रोटर कुठे आहे हे ईएससीला फिरण्यातून उमटणाऱ्या व्होल्टेजवरूनच कळते, त्यामुळे अगदी मंद गतीला तो चाचपडतो. हिसके त्याचेच होते. गंमत अशी, की हाच काप १००० फेऱ्यांना घेतला तर लागणारी शक्ती जेमतेम ४२ वॅट आहे. शक्ती मुबलक होती, ती चुकीच्या गतीला मागितली जात होती.

म्हणून दुसऱ्या जोडणीत मी उतरण दोन टप्प्यांत केली. पहिल्या टप्प्याला गाडीचेच २० दात्यांचे पिनियन (मोटरीवरचे छोटे चक्र) आणि ८० दात्यांचे नायलॉनचे चक्र घेतले. ते चक्र ८ मिलिमीटरच्या मधल्या शाफ्टवर, दोन ६०८ बेअरिंगांमध्ये बसवले, आणि तिथून २० दात्यांच्या पुलीवरून स्पिंडलवरच्या ६० दात्यांच्या पुलीकडे पट्टा नेला. एकूण बारापट उतरण झाली, स्पिंडलची कमाल गती ३३०० वर आली आणि १००० फेऱ्यांना मोटर १२,००० वर निवांत फिरू लागली. पिनियन आणि चक्र यांमधली फट ठरवायला वहीच्या कागदाची पट्टी दात्यांत घालून दोन्ही चक्रे एकमेकांवर दाबावीत, मोटरीचे स्क्रू आवळावेत आणि मग चक्र फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टी नागमोडी होऊन पण न फाटता निघाली, तर फट बरोबर आहे.

रिमोटच्या जागी सर्व्हो टेस्टर (ईएससीला रिमोटसारखाच इशारा देणारी छोटी पेटी) लावला, की त्याचे बटण फिरवून गती बदलता येते. ईएससी त्याच तीन तारांतून टेस्टरला वीज पुरवतो, म्हणून त्याला वेगळा पुरवठा जोडू नये. गाडीच्या ईएससीला बटणाचा मध्य म्हणजे थांबा असतो आणि एका बाजूला मागची गती असते. ती सेटिंगमधून बंद करावी, कारण आट्यांवर बसणारा चक उलट फिरला तर सुटून अंगावर येऊ शकतो. ब्रेकही बंद ठेवावा. ब्रेकच्या झटक्याने तोच चक ढिला होतो, शिवाय थांबणारी मोटर वीज उलटी पाठवते. बॅटरी ती पोटात घेते, पण घरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसला ती सोसत नाही आणि तो बंद पडतो. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. मात्र सेन्सर असलेल्या मोटरीत असे करू नये.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला आपण हौसेने ऑटो स्विच लावतो, कारण रात्री-बेरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा. लेथवर नेमके उलटे हवे. लोडशेडिंगनंतर वीज येईल तेव्हा हात चकाजवळ असू शकतो, म्हणून एसएमपीएसच्या आधी हिरव्या-लाल बटणांचा असा स्टार्टर लावावा, जो वीज गेल्यावर सुटतो आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. बटण मध्यावर नसेल तर बरेच ईएससी सुरू होत नाहीत, पण बोटे त्या भरवशावर ठेवू नयेत.

गाडी धावते तेव्हा मोटरीला वारा लागतो; लेथवर ती एका जागी बसलेली असते आणि मे महिन्यात पडवीचे तापमानच ४० च्या पुढे असते. संगणकातला जुना १२ व्होल्टचा पंखा मोटर आणि ईएससी या दोघांवर रोखून ठेवावा. मोटरीतले साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या आसपास आपली शक्ती गमावू लागतात. चक आणि मोटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसाही हवा, कारण लोखंडाचा कीस चुंबकाकडे धाव घेतो.

नायलॉनचे चक्र कमकुवत वाटते, म्हणून काही मुले तिथे स्टीलचे चक्र घालण्याचा विचार बोलून दाखवतात. मी ते मुद्दाम ठेवले आहे. टूल कामात रुतले की दाते मोडतात, मोटर मोकळी फिरते आणि बाकी काही बिघडत नाही. आतापर्यंत माझी दोन चक्रे अशी गेली, तिसरे खोक्यात तयार आहे, आणि मोटर व ईएससी अजून भाच्याच्या गाडीतलेच आहेत.