केळीच्या बागेत हडळ उभी करण्याआधी

मी चोपड्याला लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. लग्नसराई सरली की पोरं अहिराणी भुताच्या शॉर्ट फिल्मा घेऊन येतात. फुटेज उघडलं की ठरलेलं: रात्र, केळीची बाग, ओली साडी, पैंजण. माझ्या टेबलावर आल्यावर फार काही सुधारता येत नाही, म्हणून लिहितानाच काय तपासायचं ते सांगते.

प्रत्येक शॉटसमोर लिहा: हे कोण बघतंय? बाई विहिरीवर अंघोळ करतेय आणि कॅमेरा केळीच्या पानांआडून. पानांआड भूत असेल तर ठीक, पुढे ते कळू द्या. कुणीच नसेल तर तिथे तुम्हीच उभे आहात. 'हॅलोवीन' (१९७८) हा सिनेमा खुन्याच्या डोळ्यांतूनच सुरू होतो. मुलगी उघडी दिसते, सुरी चालते, मग मुखवटा निघतो आणि समोर तिचाच सहा वर्षांचा भाऊ! त्या नजरेला मालक आहे, म्हणून बघणाराही चरकतो.

असल्या खुनी सिनेमांत शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी 'फायनल गर्ल' म्हटलं. ही बहुतेकदा पोरांपासून लांब राहिलेली. चोरून भेटणाऱ्या आधीच मेलेल्या. तेव्हा स्क्रिप्टच्या समासात कोण का मरतंय ते लिहा. 'रात्री मित्राच्या गाडीवर बसली म्हणून' असं उत्तर निघालं, तर तुम्ही भुताला गावचा पोलीस पाटील करून ठेवलंय.

प्रेमाचा सीन काढा असं मी म्हणत नाही. उलट तिलाही काही हवंय हे दिसू द्या: हात आधी कोण धरतं, ती काय बोलते. नटीला फ्रेम आधी सांगा, शूटनंतर फुटेज दाखवा. आपल्याकडे ती कुणाची तरी मावसबहीण असते आणि दहा सेकंदांचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही.

डाकीण मात्र नकोच. धडगाव, अक्कलकुव्याकडे डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे. कुणावर असा आळ घेणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हडळ चालेल. पण हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, मग तिला वेळेवर दवाखान्यात कुणी नेलं नाही, ते लिहा. गोष्ट तिथेच आहे. 'लपाछपी' या मराठी सिनेमात (२०१७) ऊस आहे, अंधार आहे, नायिका गरोदर आहे. पण भीतीचं मूळ मुलगी नको असलेल्या घरात आहे.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, एकदा आवाज बंद करून बघा. बाईचा चेहरा किती वेळ दिसतो आणि पाठ-कंबर किती वेळ, मोबाइलवर मोजा. आणि थंबनेलला ओल्या पाठीचा फोटो पाठवू नका, मी लावत नाही.