स्लो पंक्चर शोधायचं असेल तर आधी हवा कधी जाते ते बघा

दर पाच-सहा दिवसांनी बाइकच्या मागच्या चाकात हवा भरायची, टायरवर खिळा नाही की तार नाही, आणि पंक्चरवाल्याने चाक पाण्यात फिरवून "काही नाहीये, ठीक आहे" म्हणून परत दिलेलं. माझं असं जवळजवळ दोन महिने चाललं होतं. शेवटी सापडलं ते पाण्याच्या टबमुळे नाही, एका कागदामुळे सापडलं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

आधी हवा खरंच जातेय का ते बघा. प्रेशर नेहमी थंड टायरचं मोजायचं, म्हणजे गाडी कमीत कमी तीन तास उभी असताना, शक्यतो सकाळी, आणि दरवेळी एकाच गेजने (हवा मोजायच्या मीटरने), कारण दोन गेज एकमेकांशी कधीच जुळत नाहीत आणि त्या फरकालाच लोक लीक समजून बसतात. गाडी चालवून आल्यावर गरम टायरमध्ये ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसले आणि सकाळी २९ तर तो लीक असेलच असं नाही. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की ३० च्या आसपासच्या टायरमध्ये दीडेक पीएसआय आपोआप कमी दिसतात, आणि रबरातूनही हवा झिरपतेच, महिन्याला एक-दोन पीएसआय गेले तर चाक चांगलं आहे, सोडून द्या. आठवड्याला चार-पाच जात असतील तर मात्र शोधायलाच पाहिजे.

आता तो कागद. रोज सकाळचं रीडिंग लिहायचं आणि त्याच्यासमोर आदल्या दिवशी गाडीने काय केलं ते लिहायचं, म्हणजे किती चालली, का नुसती उभी होती. मोजताना गेज लावताना थोडीशी हवा जातेच, ती सोडून द्या. आठवडाभरात काहीतरी दिसायला लागतं. रोज सारखीच हवा जातेय, गाडी चालो न चालो, तर व्हॉल्व्हची पिन (व्हॉल्व्हच्या आत हवा अडवून धरणारी) किंवा टायरचा रिमवर बसणारा काठ बघायचा. एका रात्री चार पीएसआय गेले आणि दुसऱ्या रात्री काहीच नाही, असं विचित्र चाललं असेल तर टायरमध्ये काहीतरी रुतलेलं असायची शक्यता जास्त, कारण तो खिळा टायरखाली दाबला जातोय का वर मोकळा राहतोय यावर भोक बंद होतं किंवा उघडतं. आणि उभ्या गाडीतून काही जात नाही पण चालवली की जाते, असं असेल तर व्हॉल्व्हच्या रबराकडे बघा, त्याच्याबद्दल खाली लिहितो कारण माझं तेच निघालं. हे काही शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

शोधायला लागतं काय तर स्प्रेची बाटली, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. लिक्विड जरा सढळ हाताने घाला पण बाटली हलवून फेस करू नका, आधीच फेस असला तर लीकचा फेस कुठला आणि आपला कुठला ते कळत नाही. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, टायरच्या बाजूवर जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो त्याच्या आतच. गाडी डबल स्टँडवर घ्या म्हणजे चाक हाताने फिरवता येईल, गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद, हे परत सांगतो कारण चालू इंजिनवर मागचं चाक फिरवत बसणारे लोक मी पाहिलेत आणि चेन बोट मागत नाही, घेऊनच जाते.

पहिला नंबर व्हॉल्व्हचा. टोपी काढा, तोंडावर एक थेंब टाका (थुंकी लावूनही चालतं, जुने मेकॅनिक तेच करतात) आणि बघत राहा. थेंब फुगून फुटला तर पिन लीक आहे. व्हॉल्व्ह पिनचा टूल असेल तर पिन अगदी हलकी, पाव फेरा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, जोर लावला तर सील कापलं जातं. त्यानेही थांबलं नाही तर पिन बदलायची, पण पिन काढली की सगळी हवा जाते, पिन उडून कुठेतरी जाते, आणि ट्यूबलेस टायर पूर्ण सपाट झाला तर त्याचा काठ रिमवरून सुटू शकतो, मग पायपंपाने तो परत बसत नाही, त्यामुळे हे कॉम्प्रेसर जवळ असेल तिथेच करा. टोपीच्या जागी लावायचे ते प्रेशर सेन्सर असतील तर आधी ते काढून चार दिवस बघा, ते पिन सतत दाबून ठेवतात आणि मग सगळी भिस्त त्यांच्या छोट्याशा रबर रिंगवर असते.

मग व्हॉल्व्हचं बूड, जिथे रबर रिममध्ये शिरतं. इथे नुसतं पाणी मारून पुढे जाऊ नका. पाणी मारा आणि बोटाने व्हॉल्व्ह एकेका बाजूला वाकवा, चारी बाजूंना. जुनं रबर बुडाशी तडकतं, व्हॉल्व्ह सरळ असताना ती चीर मिटलेली असते, वाकवली की उघडते. वेगात चाक फिरताना रबरी व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि तेव्हाच हवा जाते. पाण्यात चाक बुडवलं तेव्हा माझा व्हॉल्व्ह सरळ होता, मग बुडबुडे कुठून येणार? कागदावर मात्र स्वच्छ दिसत होतं, गाडी चार दिवस उभी होती तेव्हा हवा तशीच्या तशी. लोखंडी किंवा पितळी नट असलेला व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या वॉशरजवळ बघा.

व्हॉल्व्ह चांगला निघाला तर टायर. एका वेळी एक वीत भाग ओला करायचा, थांबायचं, मग पुढे, आणि सुरुवात कुठून केली तिथे खडूने खूण, नाहीतर तिसऱ्या फेरीत आपणच गोंधळतो. काही रुतलेलं दिसलं तर लगेच उपटू नका. आधी त्याच्यावर पाणी मारा, जरा हलवून बघा, बुडबुडे आले तरच ते आत गेलेलं आहे, नाहीतर नुसता खडा असतो. आधी कधी पंक्चर काढलेलं असेल तर त्या जागेवर जरा जास्त वेळ द्या, दोरीवालं प्लग काही महिन्यांनी हळूहळू सोडायला लागतं.

काठाचं काम सगळ्यात कंटाळवाणं. टायर आणि रिम जिथे मिळतात ती रेघ, दोन्ही बाजूंनी, पूर्ण गोल. इथे मोठे बुडबुडे येत नाहीत, बारीक पांढरा फेस हळूहळू जमतो, दहा सेकंदात दिसणार नाही, दहा मिनिटं द्या, चहा पिऊन या आणि मग टॉर्च लावून बघा. कारण बहुतेक वेळा रिमला आलेला गंज, सुटलेला रंग किंवा खड्ड्यात बसलेली चेप. ब्रेकच्या डिस्कवर साबणपाणी उडालं तर साध्या पाण्याने धुवा, पण लीक शोधायला म्हणून तेलकट स्प्रे चाकावर कधीही मारू नका, ब्रेक जातील. अलॉय रिम असेल तर आऱ्यांच्या मुळाशी आणि चेप असेल त्या जागी पण पाणी मारा, बारीक तडा डोळ्याला दिसत नाही पण फेस येतो.

ट्यूबवाल्या चाकाचा हिशोब वेगळा. तिथे भोक कुठेही असलं तरी हवा व्हॉल्व्हच्या भोकातून नाहीतर स्पोकच्या बुडातून बाहेर येते, त्यामुळे बाहेर दिसलेल्या बुडबुड्यावर विश्वास ठेवू नका. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर टायर रिमवर सरकलाय आणि ट्यूबला घेऊन गेलाय, ती व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटायला लागली असेल. बाकी ट्यूब काढायचीच. काढायच्या आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खूण करा आणि ट्यूबची कुठली बाजू कुठे होती ते लक्षात ठेवा, ट्यूबचं भोक पाण्यात सापडलं की ती टायरवर तशीच धरायची आणि समोर तार नेमकी कुठे आहे ते कळतं. टायरच्या आतून बोट फिरवू नका, सुती फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे आहे. हे न करता नवी ट्यूब टाकली तर तीही आठवड्यात जाते.

एवढं करून काहीच मिळालं नाही तर चाक काढून पाण्यात, पण फक्त टायर आणि रिम बुडेल एवढंच, बेअरिंगपर्यंत पाणी नेऊ नका.

दुरुस्तीचं थोडक्यात: टायरच्या मधल्या भागातलं भोक आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, त्याचा देठ भोकात बसतो) लावून नीट होतं, बाजूच्या भिंतीतलं भोक असेल तर टायर बदलायचा, काठ लीक असेल तर टायर उतरवून रिम घासून साफ करायची. सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) ओतायचा सल्ला भरपूर मिळेल, मला पटत नाही, पिन चिकटते आणि पुढच्या वेळी शोधणं अजून अवघड होतं. अडचणीत घरी पोचायला ठीक आहे.

आणि चाक गाडीवर चढवायच्या आधी परत एकदा साबणपाणी मारा. माझा नवा व्हॉल्व्ह बसवला तेव्हा काठ नीट बसला नव्हता आणि तिथे फेस यायला लागला, जमिनीवरच दिसला म्हणून बरं, नाहीतर मी पुढचे दोन महिने नव्या व्हॉल्व्हला शिव्या देत बसलो असतो.