आलेखातील गहाळ नोंदी आरमध्ये कशा हाताळाव्यात

गहाळ नोंदींचा सराव करण्यासाठी आर या संगणकीय भाषेसोबत मिळणारा ‘एअरक्वालिटी’ हा डेटासेट सोयीचा आहे. त्यात न्यूयॉर्कमधील १ मे ते ३० सप्टेंबर १९७३ या १५३ दिवसांच्या हवेच्या नोंदी असून, त्यांपैकी ३७ दिवसांचे ओझोनचे आकडे उपलब्ध नाहीत. आलेख काढण्यापूर्वी हे ‘एनए’ (आरमधील गहाळ नोंदीची खूण) महिन्यानुसार मोजावेत, कारण नुसत्या एकूण संख्येवरून फारसे काही कळत नाही: या ३७ पैकी २१ एकट्या जूनमधील आहेत.

यानंतर बहुतेक जण सवयीने संपूर्ण तक्त्यावर ‘एनए डॉट ओमिट’ चालवतात, आणि खरी गडबड तिथेच होते. ही आज्ञा कोणत्याही स्तंभात एनए असलेली ओळ काढून टाकते. त्यामुळे सूर्यप्रारणाचा आकडा नाही एवढ्याच कारणाने ओझोनच्या ५ चांगल्या नोंदी जातात आणि ११६ ऐवजी १११ उरतात. त्याहून गंभीर परिणाम रेषालेखावर होतो. २० जूनला ओझोन १३ होता, पुढचे दहा दिवस नोंद नाही आणि १ जुलैला तो थेट १३५ आहे. मधल्या ओळी काढून टाकल्या की आरमधील आलेख काढण्याचे पॅकेज ‘जीजीप्लॉट२’ ही दोन टोके सरळ रेषेने जोडते, आणि ओझोन दहा दिवस संथपणे वाढत गेला असे कधीही न मोजलेले चित्र तयार होते.

म्हणून रेषालेखासाठी एनए असलेल्या ओळी तशाच राहू द्याव्यात. मग रेषा त्या ठिकाणी आपोआप तुटते. मूळ फाइलमध्ये त्या तारखांच्या ओळीच नसतील, तर ‘टायडीआर’ पॅकेजमधील ‘कम्प्लीट’ वापरून सर्व तारखा आधी भरून घ्याव्यात. मात्र दोन एनएंच्या मध्ये सापडलेली एकटी नोंद, उदाहरणार्थ ७ जूनची २९, रेषेत दिसतच नाही, कारण तिला जोडायला शेजारी बिंदू नसतो. त्यासाठी रेषा काढणाऱ्या ‘जिओम लाइन’सोबत बिंदू काढणारा ‘जिओम पॉइंट’ही द्यावा. बिंदू काढताना ३७ ओळी वगळल्याचा इशारा येईल; ‘एनए डॉट आरएम’ ट्रू केल्यास तो बंद होतो. पण असे करायचे असेल, तर वगळलेल्या नोंदींची संख्या आलेखाखालच्या टिपेत द्यावी, कारण वाचकाला तो इशारा कधीच दिसत नसतो.

विकीर्ण आलेखात (सुट्या बिंदूंच्या आलेखात) तुटलेली रेषा नसल्याने गहाळ नोंदी सहज नजरेआड होतात. ‘नानियार’ पॅकेजमधील ‘जिओम मिस पॉइंट’ या गहाळ नोंदी किमान मूल्याच्या थोड्या खाली, वेगळ्या रंगात दाखवते. रंगछटांच्या आलेखात जीजीप्लॉट२ एनएला आपणहून करडा रंग देते. आपल्या रंगपट्टीतच करडा असेल, तर ‘एनए डॉट व्हॅल्यू’ बदलावी.

काही एनए फाइलमधून न येता आपल्याच आज्ञेतून तयार होतात. ‘वायलिम’ने अक्षाची मर्यादा १०० केली की त्यावरील ओझोनची मूल्ये एनए होतात आणि सरासरीची वक्ररेषाही बदलते. आलेखाचा फक्त काही भाग मोठा करून पाहायचा असेल, तर मर्यादा ‘कोऑर्ड कार्टेशियन’मध्ये द्यावी. याउलट, काही फाइलींत गहाळ नोंद -९९९९ अशा आकड्याने लिहिलेली असते. तो आकडा फाइल वाचतानाच ‘एनए डॉट स्ट्रिंग्ज’मध्ये नमूद करावा, अन्यथा आलेखाचा अक्ष खाली उणे दहा हजारांपर्यंत ताणला जातो आणि खरी मूल्ये वरच्या कडेला एका पट्टीत दबून जातात.