एका संगणकावर दोघं काम करताय? या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या डिझाइनच्या टेबलावर असो की राजारामपुरीतल्या संगणक क्लासमध्ये, एका स्क्रीनपुढं दोन-तीन खुर्च्या असतात आणि माऊस एकच. ज्याच्या हातात माऊस, त्याच्या मनानं काम चालतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माऊस एकाकडंच ठेवणं. सहसा तो वयानं मोठ्याकडं किंवा भरभर हात चालणाऱ्याकडं जातो. शेजारचा आधी सूचना देतो, मग नुसता बघतो, शेवटी मोबाइल काढतो. ओतकामाच्या पॅटर्नच्या (साच्यासाठीच्या नमुन्याच्या) ड्रॉइंगमधलं चुकीचं माप अशा वेळीच नजरेतून सुटतं, जाणकार माणूस शेजारी असूनही. क्लासमध्ये तर कडेच्या खुर्चीवरची मुलगी अख्ख्या तासात एकदाही क्लिक करत नाही, आणि फी तिनंही तेवढीच भरलेली असते. हे थांबायलाच हवं. एक टप्पा झाला की माऊस शेजाऱ्याकडं द्या: एकानं चालवायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मग अदलाबदल. प्रोग्रामर जोडीनं काम करतात ते असंच. "आण इकडं, मी करतो" म्हणून हातातला माऊस ओढून घेऊ नका. कुठं क्लिक करायचं ते बोट दाखवून सांगा.

दुसरा माऊस जोडला की भागलं, हाही गैरसमज. विंडोजमध्ये दोन माऊस लावले तरी स्क्रीनवरचा बाण एकच राहतो, दोघांनी हलवला की ओढाताण होते. वेगळे बाण हवेत तर प्रोग्रामच तसा लागतो. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियानं २००६ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी तसा प्रयोग केला होता, प्रत्येक मुलाला वेगळा बाण देऊन. तरीही दुसरा माऊस घ्याच. हात बदलताना खुर्च्या सरकवाव्या लागत नाहीत, एवढा फायदाही पुष्कळ आहे.

डावखुऱ्यासाठी सेटिंगमध्ये बटणं उलटी केलीत, तर ती दोन्ही माऊसची उलटी होतात. शेजाऱ्याला आधी सांगा.

मराठी टायपिंगमध्ये एकाला इन्स्क्रिप्ट (प्रत्येक अक्षराची ठरलेली कळ) येतं, दुसऱ्याला फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारानं मराठी). दोन्ही कीबोर्ड सेटिंगमध्ये घालून ठेवा, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की बदलतात.

वायरलेस माऊस अडखळत असेल तर लगेच सेल बदलू नका. त्याचा रिसीव्हर (संगणकाला लावायचा छोटा तुकडा) यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, पेनड्राइव्हला खेटून असेल तर सिग्नलमध्ये अडथळा येतो. तो दुसऱ्या पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावून बघा.