पळसाचा रंग लोकरीला धरेना, तेव्हा

गोणपाटावर क्रोशाच्या जाड सुईने लोकरीचे फासे ओढून मी आमच्या वावराची चित्रं करते. फाल्गुनात पळसाची फुलं वेचून वाळवते. मावळतीचं आभाळ त्यातूनच येतं. यंदा मात्र लोकर कुठे पिवळी, कुठे पांढरीच राहिली, वर नमद्यासारखी, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखी, घट्ट झाली. फार जिवाला लागलं.

चुका दोन होत्या. धनगरांकडून आणलेली मेणचट लोकर मी नुसत्या पाण्यातून काढली, आणि उकळत्या रंगात टाकून ढवळत बसले. आता रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवते, चोळत नाही. मग १०० ग्रॅम लोकरीला १० ग्रॅम तुरटी, मंद आचेवर तासभर. वाफ दिसावी, बुडबुडे नकोत. तशाच आचेवर फुलांच्या गाळलेल्या पाण्यात. निवू द्यायची पातेल्यातच, गार पाण्यात एकदम बुचकळली की लोकर आवळते.

शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाकला तर पिवळा नारिंगीकडे झुकतो. थोडी लोकर लोखंडी कढईत ठेवली, ती शेवाळी झाली. चित्रातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींना अगदी तोच रंग हवा होता! काल वाळलेली लट उलगडली, मुळापासून टोकापर्यंत एकसारखी.