जर्मनीत मिशनला जाताय? भाषेइतकीच गाडीची तयारी करा

जर्मनीला पाठवणार असं ठरलं की आपल्याकडचा तरुण फादर सगळ्यात आधी भाषेच्या मागे लागतो. व्याकरण, उच्चार, जर्मनमधली मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, प्रवचनाचा सराव. ते हवंच. पण तिथं पोचल्यावर पहिल्याच महिन्यात पाय अडतो तो मोटारीपाशी, आणि वैजापूर, गंगापूर, जालना भागातून निघणाऱ्यांना याची कल्पना आधी कुणी देत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या सिस्टर्सनाही यातलं जवळजवळ सगळं लागू आहे.

मी जर्मनीच्या दक्षिणेकडच्या बव्हेरिया राज्यात, डॅन्यूब नदीच्या बाजूच्या खेड्यांत काम करतो. तिकडं फादर कमी पडतात, त्यामुळं तीन-चार गावांची चर्च एकाच फादरकडं असतात. रविवारी एका गावात साडेआठची मिस्सा, दुसऱ्यात दहाची. आठवडाभर दफनविधी, लग्नाच्या जोडप्यांच्या भेटी, आजारी माणसांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेऊन देणं. खेड्यातली बस शाळेच्या वेळा सांभाळून धावते आणि रविवारी तिचा भरवसा नसतो. गाडी न चालवणारा फादर सतत दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीची वाट बघत बसतो. रात्री तैलाभ्यंगासाठी, म्हणजे अत्यवस्थ माणसाला पवित्र तेल लावून प्रार्थना करायला, बोलावणं आलं तर तो कुणाला उठवणार? आपल्या वैजापूरकडच्या घोगरगावात फ्रान्सहून आलेल्या फादर गुरियन जाकिए यांनी आयुष्य काढलं. त्यांना आपल्या काळ्या मातीतल्या वाटा शिकाव्या लागल्या, आज आपण उलट दिशेनं निघालोय. वाटा शिकणं हा मिशनचाच भाग आहे असं मी मनापासून मानतो.

आधी कागदपत्रं. सेमिनरीतल्या, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेणाऱ्या, बऱ्याच जणांकडं दुचाकीचंच लायसन असतं. निघण्याआधी चारचाकीचं पक्कं लायसन काढा, आणि नुसतं काढू नका, मिशनची गाडी रोज चालवा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घ्या. फी १००० रुपये आणि मुदत एक वर्षाची. इथंच पुष्कळ जण फसतात. परमिटवर वर्षाची तारीख दिसते म्हणून निवांत राहतात. जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय लायसनवर फक्त सहा महिने गाडी चालवता येते, परमिटवरची तारीख काहीही असो. त्यानंतर जर्मन लायसन लागतंच. काही देशांचं लायसन तिथं परीक्षेशिवाय बदलून मिळतं, पण भारत त्या यादीत नाही. आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

सूट एवढीच, की नव्यानं शिकणाऱ्याला ठरावीक तास सक्तीनं शिकावं लागतं, तशी सक्ती आपल्याला नाही. पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच होते आणि शेजारी त्यांचा शिक्षक बसलेला असतो. अर्जाला डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स लागतो. अर्ज पुढं सरकायला आठवडे जातात. म्हणून नगरपालिकेत पत्त्याची नोंद झाली की त्याच महिन्यात अर्ज टाका. सहावा महिना संपला आणि परीक्षा बाकी असली, तर गाडी बंद. रविवारच्या मिस्सांचं मग काय होतं ते सांगायला नको.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात. चुकीला गुण मोजले जातात आणि दहापर्यंत चालतात. मात्र पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की बेरीज दहाच होऊनसुद्धा नापास, हे लक्षात ठेवा. परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदी-मराठीत नाही. माझं मत विचाराल तर लेखी इंग्रजीत द्या, पण पाट्यांवरचे शब्द जर्मनमध्येच पाठ करा. रस्ता बंद करून वळवला असेल तिथं ‘उमलायटुंग’ लिहिलेलं असतं. काही गल्ल्यांच्या तोंडाशी प्रवेशबंदीची पाटी असते आणि खाली ‘आनलीगर फ्राय’. तिथल्या रहिवाशांकडं काम असणाऱ्याला आत जाता येतं, म्हणजे आजारी आजीला कम्युनियन द्यायला निघालेल्या फादरला जाता येतं. नवीन माणूस ती लाल गोल पाटी बघून लांब गाडी लावतो आणि थंडीत पायी जातो.

आता प्रत्यक्ष रस्ता. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं, या गोष्टीचा सगळ्यांना धसका असतो. खरं तर वाहतूक असेल तेव्हा समोरची गाडीच तुम्हाला बाजू दाखवते. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो. पहाटे चर्चकडं निघताना, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, शेतातल्या अरुंद वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना आणि डावीकडं वळल्यावर हात आपोआप जुन्या बाजूला जातात. अशा ठिकाणी मी आजही स्वतःशी मोठ्यानं बोलतो, ‘उजवीकडं राहा’. गिअर उजव्या हातात येतो. इंडिकेटरची दांडी डावीकडं असते, त्यामुळं सुरुवातीला वळताना वायपर फिरतो. हे सगळं अंगवळणी पडतं.

अंगवळणी पडायला खरा वेळ लागतो तो कुणी आधी जायचं या नियमाला. खेड्यातल्या आतल्या रस्त्यांवर बहुतेक चौकांत पाटीच नसते. तिथं उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, जर्मनमध्ये ‘रेख्ट्स फोर लिंक्स’. उजवीकडून येणारी वाट गल्लीएवढी असो, तुम्ही कितीही सरळ आणि रुंद रस्त्यावर असा, थांबायचं तुम्हीच. पांढऱ्या कडेची पिवळी चौकट, कोपऱ्यावर उभी केलेली, दिसली तर तुमचा रस्ता मुख्य. ती नाही, दुसरी कुठली पाटीही नाही, तर प्रत्येक चौकात उजवीकडं बघायचं.

आपल्याकडं चौकात आपण माणूस वाचतो. समोरचा किती घाईत आहे, ट्रक आहे की सायकल, त्याचा हात बाहेर आहे का, त्यानं आपल्याकडं पाहिलं का. वैजापूरच्या बाजारादिवशी ही नजर नसेल तर गाडी दहा फूट पुढं जाणार नाही. ही नजर गमावू नका, तिचा तिथंही उपयोग आहे. पण तिच्यावर निर्णय सोपवू नका. तिथं प्रत्येक जण समजून चालतो की ज्याचा हक्क आहे तो जाणार. तुमचा हक्क असताना तुम्ही नम्रपणे थांबलात, तर मागचा गोंधळतो, समोरचा गोंधळतो, आणि ब्रेक लागतात. आपल्या माणसांना ‘आधी तुम्ही’ म्हणायची सवय. सेमिनरीत तर तेच शिकवलं. रस्त्यावर मात्र आपल्या पाळीला जाणं हीच दुसऱ्याची काळजी. परीक्षकही विनाकारण थांबणं चूक म्हणूनच लिहून घेतो.

याला जोडूनच हेडलाइटचं. आपल्या हायवेवर समोरच्यानं लाइट मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. तिथं चौकात कुणी लाइट मारला तर बहुतेक वेळा तो ‘तुम्ही जा’ असं सुचवत असतो. दोन्ही अर्थ डोक्यात एकत्र आले तर अपघातच. म्हणून सुरुवातीचे महिने नुसत्या लाइटवर काहीच ठरवू नका, गाडी खरंच थांबली आहे का ते बघा. आणि हॉर्न विसरा. तो धोका सांगण्यापुरता.

गावाच्या हद्दीवर गावाच्या नावाची पिवळी पाटी असते. तिच्यावर वेगाचा आकडा नसतो, पण ती लागली की ५०ची मर्यादा सुरू. त्याच पाटीच्या मागच्या बाजूला गावाचं नाव लाल रेघेनं खोडलेलं दिसलं की गाव संपलं, आता १००पर्यंत चालतं. आतल्या वस्तीत ३०चे भाग असतात. फादरच्या सगळ्या फेऱ्या या पाट्यांच्या मध्येच होतात, आणि दोन मिस्सांच्या मधल्या घाईत दंड बसतो तोही इथंच. वेळापत्रक ठरवणाऱ्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या लोकांच्या, कमिटीला सुरुवातीलाच सांगा की पहिल्या मिस्सेनंतर लोकांशी बोलायला वेळ हवा आणि गाडी मर्यादेत चालवायला वेळ हवा. समजून घेतात, फक्त बोलावं लागतं.

शाळेची बस धोक्याचे दिवे लावून थांब्यावर उभी असेल, तर तिच्याजवळून माणूस चालतो तेवढ्याच वेगानं जायचं, समोरून येणाऱ्यानंसुद्धा. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी उतरायच्या बेतात दिसला तरी थांबायचं. लेन बदलताना किंवा वळताना आरशाबरोबरच मान फिरवून खांद्यावरून बघायचं, परीक्षेत हे विसरलं तर सुटका नाही. ही सवय लावायची तर निघण्याआधी इथूनच लावा. समृद्धी महामार्ग वैजापूर आणि जालन्याजवळून जातो. शक्य असेल तर अनुभवी माणसाला शेजारी बसवून त्यावर लेन धरून चालवायचा सराव करा. ओव्हरटेक करून पुन्हा कडेच्या लेनमध्ये यायचं, ही ऑटोबानची, म्हणजे जर्मन महामार्गांची, पहिली अट. वाहतूक तुंबली की तिथं सगळ्यात डावी लेन डावीकडं सरकते, बाकीच्या उजवीकडं, आणि मधून अँब्युलन्सला वाट मिळते. गाड्या पूर्ण थांबण्याआधीच ही वाट करायची असते.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते हिवाळ्याबद्दल, कारण त्याची आपल्याला काहीच कल्पना नसते. मराठवाड्यात थंडी म्हणजे शेकोटी आणि सकाळचं दव. डॅन्यूबच्या काठानं नोव्हेंबरात धुकं येतं ते दिवसभर हलत नाही. रस्त्याच्या कडेला पांढरे-काळे खांब असतात, सरळ रस्त्यावर दर ५० मीटरला एक. पुढचा खांब दिसत नसेल तर वेग ५०च्या आत, आणि मागचा धुक्याचा दिवा तेव्हाच लावायचा. दिसायला लागलं की बंद करायचा, मागच्याच्या डोळ्यांवर येतो.

पहाटे आणि संध्याकाळी जंगलाच्या कडेनं हरणं रस्त्यावर येतात. आपल्याकडंही हरीण, रोही, रानडुक्कर आडवं येतं, त्यामुळं घाबरायचं कारण नाही, पण एक गोष्ट वेगळी. त्या रस्त्यांवर वेग १००चा असतो आणि कडेला झाडं. हरीण चुकवायला स्टीअरिंग फिरवलं तर झाडावर जाल. अप्पर लाइट बंद, ब्रेक, हॉर्न आणि स्टीअरिंग सरळ. एक गेलं की मागून दुसरं येणार असं धरून चाला. धडक झालीच तर धोक्याचे दिवे, अंगात चमकणारं जॅकेट, गाडीच्या मागं धोक्याचा त्रिकोण, मग पोलिसांना ११०वर फोन. विम्यासाठी पोलिसांचा किंवा त्या भागाची जबाबदारी असलेल्या शिकाऱ्याचा दाखला लागतो. मेलेल्या जनावराला हात लावू नका, गाडीत घालून आणणं तर गुन्हाच.

बर्फापेक्षा भीती गोठलेल्या पाण्याची. रस्ता ओला वाटतो आणि असतो काचेसारखा. पुलांवर आणि जंगलातल्या सावलीच्या पट्ट्यांत तो आधी गोठतो. हिवाळी टायर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत ठेवायचे, असा तिथल्या लोकांचा हिशेब आहे. कायदा तारीख सांगत नाही, रस्त्याची स्थिती बघतो. ऑक्टोबर २०२४पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर हिवाळी मानले जातात, गाडी पॅरिशची असली तरी ते तुम्ही वाकून बघा. सकाळी काच पूर्ण खरवडायची, डोळ्यापुरतं भोक पाडून निघायचं नाही. खरवडताना इंजिन सुरू ठेवणंही नियमात बसत नाही. म्हणजे साडेआठच्या मिस्सेला हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटं आधी घराबाहेर पडायचं. पहिल्या बर्फाच्या दिवशी चर्चच्या रिकाम्या अंगणात हळू वेगात जोरात ब्रेक दाबून बघा. गाडी किती पुढं घसरते ते एकदा पायाला कळलं की पुढं तुम्ही आपोआप अंतर ठेवता.

मिस्सेतला द्राक्षारस आणि गाडी, हा प्रश्न फक्त आपल्याच कामातला आहे आणि तो विचारायला नवीन माणूस संकोचतो. लायसन नवं असेल तर पहिली दोन वर्षं, किंवा वय २१च्या आत असेल तर, दारूचा एक थेंबही घेऊन गाडी चालवता येत नाही. इतरांना रक्तात ०.५ प्रति हजार ही मर्यादा. आपण सकाळी दोन-तीन मिस्सा करतो आणि प्रत्येक वेळी कपातला द्राक्षारस घेतो. तुमचं भारतातलं लायसन जुनं असेल तर तो काळ दोन वर्षांत धरला जातो, म्हणून मूळ तारीख दिसेल असे कागद जपा. नवं असेल तर आल्याबरोबर मुख्य फादरांशी मोकळेपणानं बोला, मिस्सांची वाटणी किंवा ने-आण करणारा माणूस ठरवून घ्या. लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या जेवणात बिअर पुढं येते, तिथं सरळ ‘गाडी आहे’ म्हणायचं. त्या एका वाक्यावर बव्हेरियात कुणीही आग्रह करत नाही.

गावी सुट्टीवर आलात की पहिले दिवस गाडी भावाला किंवा चुलत्याला चालवू द्या. रात्री ऊसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात, आणि तिकडच्या सवयीनं तुम्ही आपला हक्क धरून पुढं जाल. परत जर्मनीला गेल्यावरही पहिली फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या गावापर्यंतच करा, आणि ती रविवारची नसावी.