डोपिंगला दोष देण्याआधी ऑक्सिजन बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी वायबीसीओ घेतलेलं, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड, ९२ केल्विनला सुपरकंडक्टर होणारं, म्हणजे त्याखाली रेझिस्टन्स शून्य. त्यात कॉपरच्या जागी १ टक्का झिंक घालायचं (हेच डोपिंग) आणि टीसी, म्हणजे सुपरकंडक्टर होण्याचं तापमान, किती उतरतो ते मोजायचं, एवढंच काम. अगेटच्या खलात पावडर घोटायची, ९०० अंशांच्या पुढे भाजायची, परत घोटायची, पेलेट (वडी) दाबून सिंटर करायची, म्हणजे भाजून घट्ट करायची. पण शेवटी फर्नेस दुसऱ्या कुणाला तरी हवी होती म्हणून मी पेलेट लालभडक असतानाच बाहेर काढली आणि तिथेच सगळं बिघडलं.

मोजायला घेतलं तर थंड करत गेलो तसा रेझिस्टन्स वाढतच गेला, मी वहीत लिहून मोकळा, 'झिंकमुळे सुपरकंडक्टिव्हिटी गेली'. एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने स्फटिकाची रचना बघायची चाचणी, आल्यावर मात्र पोटात गोळा आला. ग्राफमध्ये ३२-३३ अंशांच्या कोनाजवळ दोन पीक्स चिकटून असतात, चांगल्या सॅम्पलमध्ये उजवीकडचा उंच असतो, माझ्यात डावीकडचा उंच होता, म्हणजे स्ट्रक्चर ऑर्थोऱ्हॉम्बिक (तिन्ही बाजू वेगळ्या) न राहता टेट्रागोनल (दोन बाजू सारख्या) झालेलं. आणि झिंक हे करत नाही! झिंक कॉपर-ऑक्सिजनच्या प्लेन्समध्ये (थरांमध्ये) बसतं, स्ट्रक्चर जवळपास तसंच ठेवतं आणि तरी टक्क्यामागे साधारण १० केल्विन टीसी खाली आणतं. माझ्या पेलेटमध्ये कमी होता तो चेन्समधला, म्हणजे कॉपर-ऑक्सिजनच्या साखळ्यांमधला ऑक्सिजन, प्लेन्सना होल्स (वीज वाहणारे धन भार) पुरवतो तो हाच, आणि तो आत शिरतो पेलेट हळूहळू थंड होताना. तीच पेलेट ऑक्सिजनच्या फ्लोमध्ये ४५० अंशांना दिवसभर ठेवली, सावकाश थंड केली, आणि ८० च्या आसपास रेझिस्टन्स सरळ शून्यावर आला, तो ग्राफ अजून जपून ठेवलाय.

कोबाल्टचं याच्या उलट, ते चेन्समध्ये बसतं, थोडं घातलं तरी स्ट्रक्चर टेट्रागोनल होतं पण टीसी सुरुवातीला ९० च्या जवळच राहतो. म्हणून टेट्रागोनल दिसलं की सुपरकंडक्टिव्हिटी संपली असं धरून चालू नका, डोपंट, म्हणजे घातलेला धातू, कुठल्या जागेवर बसलाय ते आधी विचारा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी दर बॅचला एक बिनडोपिंगची पेलेट त्याच बोटीत (भाजायच्या भांड्यात) शेजारी ठेवाच, ती ९० च्या आसपास सुपरकंडक्टर झाली नाही तर चूक भाजण्यात आहे. ऑक्सिजन किती आहे ते आयोडोमेट्रिक टायट्रेशनने काढता येतं, शिकून घ्या. आणि २ टक्के झिंकवाली पेलेट लिक्विड नायट्रोजनमध्ये मॅग्नेट तरंगवणार नाही, नायट्रोजन ७७ ला थांबतो आणि तिचा टीसी त्याच्याही खाली असतो, त्यामुळे टाकून देऊ नका, आणखी खाली जाणाऱ्या क्रायोस्टॅटचा (सॅम्पल थंड करणाऱ्या यंत्राचा) स्लॉट आधीच बुक करून ठेवा.